तिसऱ्या हाताची हवेची गादी: चौदा महिने वापरून

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो, कारण हे वाचणाऱ्याकडे बहुतेक वेळ नसणार. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि त्याला स्वतःहून कूस बदलता येत नसेल, तर ही गादी घ्या. नवी परवडली तर नवी, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर एखादी पडलेली असतेच, ती मागून आणा. पाचापैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा फुग्यांच्या गाद्या मी आता चार-पाच बघितल्यात, घडण सगळ्यांची जवळजवळ सारखीच.

मी टर्नर आहे. वीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, उभा आहे, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती चालते कशी आणि झिजणार कुठे, हेच आधी बघतो. घरात आई आणि मी, दोघंच. आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं. बाराव्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली तेव्हा माझ्या सगळ्या रजा संपलेल्या होत्या. त्यापुढे प्रत्येक दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगाराला कात्री. चौकशी केली तर बारा तासांसाठी येणारी बाई माझ्या आठ तासांच्या पगाराहून महाग निघाली. हे गणित कुठल्याच बाजूने सुटत नव्हतं.

त्याच संध्याकाळी गादी दारात आली. मी मागितली नव्हती. आमच्याच मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतल्या आजोबांसाठी ती पहिल्यांदा घेतलेली, त्यांच्यानंतर खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी वापरली, मग पोटमाळ्यावर पडून होती. खोक्यावर आधीच्या दोन्ही घरांनी लिहून ठेवलं होतं, एकाने पेनाने, एकाने खडूने: ‘ही बाजू वर’, ‘आधी ही नळी’, ‘टाचणी लावू नये’. पंपावर दाब कमी-जास्त करायचं जे गोल बटण असतं त्याच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो आजोबांच्या वजनाचा की त्या बाईंच्या, ते कुणालाच आठवेना. मी आईच्या वजनाला नवीन ठिपका केला, निळा.

वस्तू अशी आहे. जाड प्लॅस्टिकची चादर, साधारण दोन मीटर लांब, नव्वद सेंटीमीटर रुंद, तिच्यावर ओळीने फुगे. खोक्यावर १३० लिहिलंय. शेजारच्या वहिनींची चौथीतली मुलगी दोनदा मोजून म्हणाली, बरोबर आहेत. फुग्यांच्या दोन टोळ्या असतात. पंप एका टोळीत हवा भरतो तेव्हा दुसरी बसते, साधारण दहा मिनिटांनी पाळी बदलते. एकाच जागी पडून राहिलं की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेपते, तिथलं रक्त अडतं, आणि रक्त बराच वेळ अडलं की ती जागा मरायला लागते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, कोपरं, डोक्याची मागची बाजू, या त्या जागा. गादी काय करते, तर आत्ता चेपलेली जागा थोड्या वेळाने मोकळी सोडते. बास. यात जादू काही नाही.

ही गादी आपल्या नेहमीच्या गादीच्या वर टाकायची, तिच्याऐवजी नाही. तिच्यावर एकच पातळ, सुती, ताणलेली चादर. आम्ही पहिल्या रात्री काय केलं? आईची आवडती गोधडी घातली, वर मेणकापड, त्यावर चादर. दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, त्यांनी सगळं काढून टाकलं. एवढे थर असतील तर फुग्यांचं चढणं-उतरणं अंगापर्यंत पोचणार कसं? आई गोधडीसाठी दोन दिवस रुसली होती. शेवटी पांघरायला दिली तेव्हा शांत झाली.

या सिस्टर म्हणजे आठवड्यातून एकदा आईला लावलेली नळी बदलायला आणि अंग तपासायला येणाऱ्या. त्यांनीच पहिला मोठा भ्रम मोडला. मी विचारलं, “आता ही गादी आहे, म्हणजे कूस बदलायची गरज नाही ना?” त्या म्हणाल्या, “गादी असो नसो, दर दोन तासांनी.” मग माझा चेहरा बघून जरा सैल केलं: कातडी चांगली राहिली, कुठे लाली दिसली नाही, तर या गादीवर रात्री चार तासांचं अंतर चालून जाईल, पण सकाळी अंग बघूनच ठरवायचं.

या दोन तासांच्या नियमाबद्दल मी नंतर वाचलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इंग्लंडमध्ये स्टोक मँडविल इथे लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी मणका मोडलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण जखमा चिघळून आणि लघवीचा जंतुसंसर्ग होऊन मरायचेच, असं धरून चाललेलं असायचं. गुटमननी रात्रंदिवस, दर दोन तासांनी, प्रत्येकाची कूस बदलायला लावली. माणसं जगायला लागली. त्याच माणसाने पुढे १९४८ मध्ये चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंच्या स्पर्धा भरवल्या, आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते. वाचून बरं वाटलं. पण त्यांच्याकडे पाळ्या लावलेली माणसं होती, माझ्याकडे एक लेथ आणि एक मजला.

दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा. माझी पाळी पहिली असेल तर सकाळी आठ, दहा, बारा, दोन या वेळा उघड्या पडायच्या. दुसरी पाळी असेल तर संध्याकाळच्या. रात्रपाळीचा आठवडा सगळ्यात वाईट.

यातून पाळ्यांचा जो तक्ता तयार झाला तो मी केलेला नाही. शिलाई काकूंनी दाराच्या आतल्या बाजूला खडूने केला. काकू घरी बसून कपड्यांना हूक आणि काज-बटणं करतात, डझनावर पैसे. त्यांनी बाण काढले: डावीकडे बाण, वर बाण, उजवीकडे बाण. बाजूला वेळ आणि त्या घराची खूण. वॉचमनकाकांची शिट्टी, वहिनींचं फूल, मावशींची बादली. मावशींना लिहितावाचता येत नाही. त्या चार घरची धुणीभांडी करून दीड वाजता परततात आणि दोनची पाळी त्यांची. वॉचमनकाका रात्रभर कुठल्याशा गेटवर बसून सकाळी साडेसातला यायचे, आठची कूस करूनच झोपायला जायचे. दहा आणि बारा काकूंचे. रात्रपाळीच्या आठवड्यात रात्री बाराची कूस समोरच्या खोलीतला कॉलेजचा पोरगा करायचा, कारण त्याच्या घरात सहा माणसं झोपली की दिवा लावता येत नाही, मग तो आमच्याकडेच अभ्यासाला बसायचा. पहाटे चारची वहिनींची. पाणी भरायला त्या उठतातच.

आता गादीचं खरं मोल कशात, ते इथे दिसतं. गादी नसती तर रात्री दोनला आणि सहालाही कुणाला तरी उठवावं लागलं असतं. रात्रीच्या चार खेपांच्या दोन झाल्या. मी रात्रपाळीला असतानाच्या प्रत्येक रात्री, दिवसभर राबलेल्या दोन माणसांची झोप मोडली नाही. दुकानदार तुम्हाला रुग्णाच्या आरामाबद्दल सांगेल. आईला आराम किती वाटला, मला सांगता येणार नाही. सुरुवातीला तर ती म्हणायची, होडीत झोपल्यासारखं वाटतं, मळमळतं. पण शेजाऱ्यांच्या झोपेच्या हिशेबात बघितलं तर ही गादी पहिल्याच महिन्यात वसूल झाली.

पंपाबद्दल. पंप म्हणजे चपलेच्या खोक्याएवढा डबा, मागे दोन हूक, पलंगाच्या पायथ्याला अडकवायचा. आवाज सतत बारीक गुणगुण. पहिल्या आठवड्यात झोप लागत नाही, दुसऱ्या आठवड्यात तो थांबला की झोप उडते. वायर अपुरी आहे. आमच्या खोलीत बटणाची पेटी दाराशी आणि पलंग आतल्या भिंतीला, म्हणून जोडवायर जमिनीवरून न्यावी लागली, तिच्यात दोघं अडखळले. तारा कापला त्यातला एक तुकडा या वायरीचा.

दुसरा तुकडा माहितीपत्रकाचा. त्यात चित्र आहे: मोठी खोली, पलंगाच्या तिन्ही बाजूंनी जागा, आणि रुग्णाजवळ हसत उभी एकच बाई. आमची खोली दहा बाय बारा. पलंग भिंतीला चिकटून. कूस बदलताना पलीकडच्या बाजूने हात घालायला जागाच नाही. मी कारखान्यातून टाकाऊ सळई मागून आणली आणि पलंगाच्या पायांसाठी चार रोलर टर्न केले. कुशीच्या वेळी पलंग हातभर ओढायचा, काम झालं की परत ढकलायचा, पाचर लावायची. गादीइतकेच ते रोलर कामाला आले असं काकू म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही, पण मला ते आवडतं.

दाबाचं बटण कुठे ठेवायचं हे पत्रकात वजनावरून दिलंय, पण खरी खात्री हाताने होते. तळहात वर करून हात फुग्यांच्या गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवायचा. हात आणि माणूस यांच्यामध्ये निदान इंचभर फुगलेली हवा लागली पाहिजे. हाताला सरळ हाड टेकलं, तर दाब कमी आहे. दाब फार वाढवला तर गादी दगडासारखी होते, त्याचाही उपयोग नाही. हे सिस्टरांनी एकदा दाखवलं आणि सगळ्यांच्या आधी मावशींच्या हाताला ते समजलं.

प्रेमाने केलेल्या चुकांची यादी मोठी आहे, त्यातल्या काही सांगतोच. लाल झालेली जागा दिसली की प्रत्येकाला तिथे तेल लावून चोळावंसं वाटतं. चोळायचं नाही. आतली कातडी आधीच दुखावलेली असते, चोळून ती जास्त फाटते. वॉचमनकाकांनी कुठूनशी टायरची ट्यूब आणली, माकडहाड मधल्या भोकात राहील म्हणून. कल्पना ऐकायला शहाणी वाटते, पण त्या कडीच्या काठावर दाब येतो आणि मधल्या जागेचं रक्त आणखी अडतं. ट्यूब परत गेली. काकूंनी रबरी हातमोज्यांत पाणी भरून टाचांखाली ठेवले होते, त्यांनी दवाखान्यात बघितलेलं. तेही नाही. पोटरीखाली लांबट उशी घालायची आणि टाच हवेत राहू द्यायची, एवढंच. कारण ही गादी अख्खं अंग सांभाळते पण टाचेला पुरी पडत नाही, हे आधीच्या दोन्ही घरांनी सांगितलेलं.

सगळ्यात मोठी चूक माझी. कूस करताना मी आईचा लुळा हात धरून ओढायचो. तिला सांगता येईना, ती नुसती डोळे मिटायची. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा सैल पडतो, ओढलं की सांध्यातून उतरू शकतो. कंबरेखाली एक आडवी चादर दुमडून ठेवायची, तिला धरून माणूस उचलायचा, घासत न्यायचा नाही. एकट्याने करायचं असेल तर पलीकडचा गुडघा वाकवायचा, हात छातीवर ठेवायचा, मग एक हात खांद्याला, एक खुब्याला, आणि आपल्याकडे वळवायचं. पूर्ण कुशीवर आडवं करायचं नाही, तीसेक अंशच, पाठीला उशीचा टेकू. तसं केलं की वजन खुब्याच्या हाडावर येत नाही. अंश हा शब्द मला कळतो. वहिनींना मी दाराच्या फटीने दाखवलं: दार एवढं उघडं.

आता बिघाडाची गोष्ट. सहाव्या-सातव्या महिन्यात, माझी पहिली पाळी होती. पावणेचारला घरी आलो, नेहमीसारखा आधी पंपाला कान दिला. गुणगुण बरोबर. नळ्या बरोबर. हातपाय धुवायला गेलो. मावशी दोनची कूस करून गेलेल्या होत्या, पण परत दारात आल्या. म्हणाल्या, “भाऊ, गादी आज दम घेत नाही.” मी म्हटलं, पंप चालू आहे मावशी. त्या म्हणाल्या, “चालू हाय. पण दम घेत नाही. मी मगाशी हात घातला तेव्हा होती तशीच हाय आत्ता.” त्या दोन वाजता शंका येऊन गेल्या होत्या, घरी जाऊन चैन पडेना म्हणून पुन्हा हात घालून बघायला आल्या होत्या.

मी घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटं, पंधरा, वीस. फुगलेले फुगे फुगलेलेच, बसलेले बसलेलेच. आईला वळवलं तर डाव्या खुब्यावर रुपयाएवढी लाली. बोटाने दाबलं. निरोगी लाली दाबली की क्षणभर पांढरी पडते, ही पडली नाही. वीस वर्षं मशीनचा आवाज ओळखणाऱ्या माझ्या कानाला जे कळलं नाही ते मावशींच्या तळव्याला कळलं.

पंपात दोन गोष्टी असतात. एक हवा ढकलणारा रबरी पडदा, त्याचा आवाज येतो. दुसरी एक चकती, ती हळूहळू फिरून हवा कधी या नळीला कधी त्या नळीला वाटते. ती फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा आवाज जवळजवळ येतच नाही. ती अडकली होती. हवा भरत होती, वाटली जात नव्हती. या पंपाला धोक्याचा दिवा नाही, घंटा नाही. पाचव्या ताऱ्यातला उरलेला सगळा भाग त्यासाठी कापला. रुग्णाला सांगता येत नाही आणि यंत्र सांगत नाही, तर मग कळणार कुणाला?

दुरुस्ती केंद्रात फोन केला. पंप ठेवून जा, आठ दिवसांत बघू. आठ दिवस! रात्री मीच उघडला, प्लग काढून. चकतीच्या दात्यांत कापसाचा आणि धुळीचा लगदा बसला होता. पंप जमिनीलगत टांगलेला, काकूंच्या शिलाईचे दोरे, गोधडीचा कापूस, सगळं तो आत ओढत होता. मागे हवा आत घेणारी जाळी असते, तिच्यात फोमचा तुकडा असायला हवा, तो आधीच्या कुठल्यातरी घरात हरवला होता. साफ केला, फोम कापून बसवला, पण एक दाता मोडलेला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात दुपारच्या सुट्टीत पितळेचं चाक करून घेतलं. अजून चालतंय.

तोवरची ती रात्र मात्र गादीशिवाय काढायची होती, आणि खुब्यावर लाली. दर दोन तासांनी, चुकवता येणार नाही. मी सहाला पाळीवर जाणार. तक्त्यावर काकूंनी रात्री दोनच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं. दोनला दार वाजलं तर खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या. त्यांचं आणि आमचं मोरीच्या गळतीवरून सात महिने बोलणं बंद होतं. त्या आत आल्या, माझ्याकडे बघितलं नाही, आईचा गुडघा वाकवला, आडव्या चादरीचं एक टोक मला दिलं, कूस केली, टाचेखालची उशी सारखी केली आणि गेल्या. पुढच्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हाही बोलल्या नाहीत. ही गादी त्यांच्याच सासूबाईंच्या अंगाखाली होती हे मला नंतर आठवलं. लाल ठिपका कुणाच्या वजनाचा, ते त्यांना विचारायला हवं होतं.

त्या बाजूवर दोन दिवस झोपवलं नाही, लाली उतरली.

विजेबद्दल वेगळं सांगायला हवं. वीज गेली की अशी गादी बसायला लागते. कॉलेजच्या पोराची युक्ती: वीज गेली की लगेच दोन्ही नळ्या दुमडायच्या आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घट्ट लावायचे. हवा बराच वेळ धरून राहते. वीज आली की आधी चिमटे काढायचे आणि मग पंप चालू करायचा, उलट केलं तर पंपावर ताण येतो. चिमटे पंपाच्या हुकालाच लावून ठेवा, अंधारात शोधायला नकोत.

भोक पडलं तर सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन लावू नका. आम्ही लावलं. सायकलवाल्या दादांनी मोठ्या प्रेमाने ठिगळ मारलं, दुसऱ्या दिवशी ते सालीसारखं निघालं. ते रबरासाठी असतं आणि ही गादी पीव्हीसीची. पीव्हीसीचं वेगळं चिकटवणारं मिळतं, ठिगळही त्याच जातीचं हवं, आणि चिकटवल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवायचं. भोक शोधायला साबणाचं पाणी पुरतं.

जे गादीच्या कुठल्याच पत्रकात नसतं ते आता. आईला लाज होती. बोलता येत नव्हतं तरी होती. पोरगा कूस करायला आला की ती डाव्या हाताने पांघरूण घट्ट धरायची. त्यामुळे तक्त्यात आपोआप दोन कामं वेगळी झाली. कूस कुणीही करेल, पण कपडे बदलणं आणि स्वच्छता बायकाच करतील, आणि ते बिनबोभाट काकू, वहिनी, मावशी यांच्यावर पडलं. वहिनी एकदा हसत म्हणाल्या, “पुरुषांना बाण दिले, आम्हाला बादली.” मी हसलो, पण ते खरंच होतं. मी सिस्टरांकडून शिकून घेतलं आणि घरी असेन तेव्हा ते सगळं मीच करायला लागलो. पहिले काही दिवस आई माझ्याकडे बघायची नाही, भिंतीकडे बघायची. मग सवय झाली, तिला आधी, मला नंतर. दोन खोल्या पलीकडे एक गृहस्थ दिवसभर दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. चौदा महिन्यांत ते एकदाही आत आले नाहीत. रोज विचारायचे मात्र, “काय म्हणते आई?”

आणि पैसे. याला शेजारधर्म म्हणतात, म्हणजे पैशाचं नाव काढायचं नाही असा अर्थ निघतो. पण काकूंच्या दहा आणि बाराच्या कुशीत, येणं-जाणं, पुसणं, दोन शब्द बोलणं धरून अर्धा-पाऊण तास जायचा. त्या वेळात त्यांचे डझनावारी हूक राहून जायचे. मी बसून हिशेब केला, महिन्याचा आकडा काढला आणि पाकीट घेऊन गेलो. त्या इतक्या चिडल्या की दोन दिवस त्यांनी तक्त्यावरचं स्वतःचं चिन्ह पुसून ठेवलं, कूस मात्र चुकवली नाही. तिसऱ्या दिवशी आल्या, म्हणाल्या, माझ्या मशीनचा शटल अडकतो, बघतोस का. मी बघितला. मग कैचीला धार, मग पायडलची बुश, मग त्यांच्या बहिणीची मशीन. वहिनींच्या दाराची कडी, मावशींच्या बादलीची दांडी, वॉचमनकाकांच्या सायकलचा ॲक्सल. फिटलं का? नाही. पाकीट जास्त खरं होतं असं मला अजून वाटतं, आणि काकूंना अजून वाटत नाही.

ज्यांना आसपास अशी माणसं नाहीत, भाड्याच्या खोलीत नवीन आलेले आहेत, शेजाऱ्यांच्या कामाच्या वेळा जुळत नाहीत, त्यांना नुसती गादी पुरेल का? माझं उत्तर: जखम उशिरा होईल. त्यांनी गादीच्या आधी दिवसातून दोनदा हात घालून बघणारं एक तरी माणूस शोधावं, पैसे देऊन का होईना.

आई चौदा महिन्यांनी गेली, छातीत कफ होऊन. तिला शेवटची अंघोळ घालताना सिस्टर नव्हत्या, काकू आणि मावशी होत्या. पाठीवर एकही जखम नव्हती. मावशींनी मला बाहेर येऊन तेवढंच सांगितलं.

गादी मी सौम्य साबणाने धुतली, सावलीत वाळवली, उन्हात नाही, प्लॅस्टिक कडक होतं. हवा काढून गुंडाळली, घडी घातली नाही, घडीच्या रेषेवर ती फाटते. खोक्यावर माझ्याकडून तीन गोष्टी लिहिल्या: फोमची जाळी दर महिन्याला, चिमटे हुकाला, घड्याळ लावून फुगे बघणे. माळ्यावर टाकायची वेळच आली नाही. अठराव्या दिवशी पुढच्या गल्लीतून निरोप आला, तिथल्या एका रिक्षावाल्याचा मणका गेलाय. माझे रोलर त्यांच्या पलंगाला बसले नाहीत, पाय जाड होते, नवे करून दिले. पहिल्या संध्याकाळी मावशी माझ्याबरोबर आल्या आणि त्या रिक्षावाल्याच्या बायकोचा हात स्वतःच्या हातात धरून गादीखाली घातला. दहा मिनिटं दोघी तशाच वाकून उभ्या होत्या.

त्यांच्या तक्त्यात रात्री दहाची खूण माझी आहे, दोन पाळ्यांच्या आठवड्यांत. तिसऱ्यात जमत नाही.

पंपाचे हूक आता वाकलेत आणि त्यांच्या पलंगाला ते अडकतही नाहीत. सुतळीने बांधलाय. सुतळी दर आठवड्याला बघा, पंपाच्या थरथरीने ती सैल होते.